कोणता टाकळा जिंकतो?

उच्च माध्यमिक जीवशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके ठरवणाऱ्या सर्व तज्ज्ञ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमचं पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत, हे आपल्याला ठाऊकच आहे. हे पत्र बारावीच्या परिसंस्थेच्या भागातल्या एका छोट्याशा मुद्द्याबद्दल आहे. तो शिकवताना गेल्या काही वर्षांत मला स्वतःलाच अडखळायला होतं, आणि त्याचं कारण माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आहे.

त्या दिवशी मी गॉजचा नियम शिकवला होता: एकाच साधनावर जगणाऱ्या दोन प्रजाती एका जागी कायम नांदू शकत नाहीत, सरस प्रजाती दुसरीला हटवते. उदाहरण डोळ्यांनी दिसावं म्हणून मुलांना इमारतीच्या मागे नेलं. श्रावणातले दिवस होते. मागच्या पडीक जागेत एकीकडे गाजरगवत माजलं होतं, दुसरीकडे टाकळा. मी सांगितलं, की गाजरगवत हटवायचं तर तिथे टाकळ्याचं बी टाका असं कृषी विभागाचे लोक सांगतात, कारण पहिल्या पावसाबरोबर टाकळा दाट उगवतो, त्याची रुंद पानं जमीन झाकतात आणि गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळत नाही. म्हणजे टाकळा सरस.

ती मुलगी पायवाटेच्या कडेला उभी होती. तिच्या पायाशी वीतभर उंचीचा, चार-पाच पिवळी फुलं आलेला टाकळा होता आणि त्याच्या डोक्यावर गाजरगवताची फांदी आली होती. समोर शेणखताच्या खड्ड्याजवळ टाकळा तिच्या कमरेपर्यंत पोचला होता आणि त्याच्या सावलीत गाजरगवताची फिकी, लांबोडकी रोपं कशीबशी तग धरून होती. तिने दोन्हीकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, नियमातला टाकळा यातला कोणता?"

मी तेव्हा "सरासरी टाकळा" असं उत्तर दिलं. उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण घरी जाताना जाणवलं, की सरासरी टाकळा त्या मैदानात कुठेच नव्हता. गाजरगवताच्या प्रत्येक रोपाचा सामना त्याच्या शेजारच्या एका विशिष्ट टाकळ्याशी चालला होता, आणि दर दोन हातांवर त्या सामन्याचा निकाल वेगळा होता.

आपण मुलांना जे शिकवतो ते चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. गॉजचा प्रयोग मला आजही तितकाच आवडतो. मॉस्कोतल्या, पंचविशीही न गाठलेल्या या संशोधकाने १९३४ साली नळ्यांमध्ये पॅरामेशियम हे एकपेशीय जीव वाढवले. ऑरेलिया आणि कॉडेटम या दोन प्रजाती एकत्र ठेवल्या तर कॉडेटम संपत गेली. ऑरेलियाऐवजी बर्सारिया ठेवली तर दोघी टिकल्या, कारण बर्सारिया तळाशी बसलेल्या यीस्टवर जगली. इतका स्वच्छ प्रयोग शिकवायला मिळणं हे शिक्षकाचं भाग्य. पण तो इतका स्वच्छ का झाला, हे आपण मुलांना कधी सांगत नाही. पॅरामेशियम एकाचे दोन होत वाढतात. मोजक्या जिवांपासून वाढवलेल्या नळीत सगळे जवळजवळ एकाच साच्यातले असतात, आणि पहिल्या जोडीच्या नळीत सगळ्यांना अन्नही सारखंच. स्पर्धेचं गणित मांडणाऱ्या लोटका आणि व्होल्टेरा यांच्या समीकरणांतही तसंच आहे: प्रजातीतला प्रत्येक जीव दुसऱ्यासारखा धरायचा आणि एका प्रजातीचा दुसरीवर किती दाब पडतो, तो एका आकड्यात मांडायचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून ती सूट घेतलेली होती. आमच्या वर्गात मात्र ती सूट निसर्गाचं वर्णन होऊन बसते.

आणि गंमत अशी, की त्याच पुस्तकात उत्क्रांतीच्या प्रकरणात आपण नेमकं उलट शिकवतो. तिथे डार्विन येतो आणि एकाच प्रजातीतल्या जिवांमधली तफावत हाच सगळ्याचा पाया ठरतो. काही प्रकरणं पुढे गेलं की ती तफावत नाहीशी होते. सगळे टाकळे सारखे, सगळं गाजरगवत सारखं. परीक्षेला दोन्ही प्रकरणं असतात, पण त्यांची गाठ कुठेच पडत नाही.

ही तफावत किरकोळ असती तर दुर्लक्ष चाललं असतं. २०१५ साली जगभरातल्या ६२९ वनस्पती-समुदायांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की एका समुदायात पानांचा आकार, झाडाची उंची यांसारख्या गुणांमध्ये जेवढी विविधता असते, त्यातली सरासरी पाव हिस्सा विविधता एकाच प्रजातीच्या आतली असते. पाव हिस्सा बाजूला ठेवून केलेला हिशेब कोणत्या दुकानदाराला चालेल?

आता खरा प्रश्न. या तफावतीने स्पर्धेचा निकाल बदलतो तो कसा? मी मुलांना आधी फळ्यावर एक साधं गणित घालते. समजा, झाडाच्या बिया उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतात. एका वाफ्यात दहा झाडं, सगळी ५० सेंटिमीटरची. पन्नासाचा वर्ग २५००. दुसऱ्या वाफ्यातही दहाच झाडं, पण पाच २० सेंटिमीटरची आणि पाच ८० ची. उंचीची सरासरी तीच, ५०. पण वर्गांची सरासरी? ४०० आणि ६४०० यांची सरासरी ३४००. म्हणजे सरासरी उंची तीच असूनही दुसऱ्या वाफ्यात पहिल्यापेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक वाढीव बिया. आता उलट समजा, की उंची वाढत गेली तरी बिया हळूहळूच वाढतात, वर्गमुळाच्या पटीत. पन्नासचं वर्गमूळ ७.०७. वीस आणि ऐंशीच्या वर्गमुळांची सरासरी ६.७१. आता तफावत असलेला वाफा मागे पडला! तफावत तीच, पण गुण आणि फळ यांचं नातं कसं वाकलेलं आहे त्यावर ती कधी लाभाची ठरते, कधी तोट्याची. हे गणित दहावीतल्या मुलालाही येतं. ते कळलं, की "सरासरी टाकळा" हे उत्तर का पुरत नाही हे मुलांना आपोआप कळतं.

उन्हासाठीच्या चढाओढीत तर हे नातं फारच वाकडं असतं. जो थोडा उंच असतो त्याला त्याच्या उंचीच्या प्रमाणापेक्षा जास्त ऊन मिळतं, कारण त्याची सावली खालच्यावर पडते आणि खालच्याची त्याच्यावर पडत नाही. म्हणून दाट ताटव्यात सुरुवातीला बोटभर पुढे असलेलं रोप महिन्याभरात हातभर पुढे जातं. गाजरगवताच्या एका मोठ्या झाडाला दहा हजारांहून जास्त बिया येऊ शकतात. ताटव्यातली दोन-तीनच झाडं अशी वाढली, तर पुढच्या वर्षीचं सगळं मैदान त्यांच्या संततीचं. तिथे सरासरी गाजरगवत किती उंच होतं याला काही अर्थ उरत नाही.

टाकळ्याच्या बाजूनेही एक तफावत आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं, त्यामुळे एकाच शेंगेतल्या सगळ्या बिया एका पावसात उगवत नाहीत. काही पहिल्या सरीला, काही महिन्याने, काही मातीत पडून राहून पुढच्या वर्षी. आमच्याकडच्या बायका मृगाच्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी भाजी खुडून नेतात आणि तरीही रान टाकळ्याने भरतं, त्याचं एक कारण हेच आहे. सगळं बी एकाच दिवशी उगवलं असतं तर एक उघडीप किंवा एक खुडणी पुरली असती.

हे झालं झाडांचं. पण या विषयात जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण पक्ष्यांचं आहे आणि अभ्यासक्रमात फिंच येऊनही त्यातला हा भाग येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर हे एक छोटं, निर्जन, ज्वालामुखी बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या जमिनीवरच्या मध्यम फिंचचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. पक्षी पकडायचा, पायात कडी घालायची, चोच मोजायची, सोडून द्यायचा, पुढच्या वर्षी परत शोधायचा. दशकानुदशकं. १९७७ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बिया लवकर संपल्या. उरल्या त्या ट्रिब्युलसच्या टणक, काटेरी फळांतल्या बिया. हा ट्रिब्युलस म्हणजे आपल्या सराट्याचा सख्खा भाऊबंद. अनवाणी पायात सराटा रुतला असेल त्याला ते फळ किती कठीण असतं हे सांगायला नको. ज्यांची चोच जाड होती त्यांना तो फोडता आला. बाकीचे उपाशी मेले. सुमारे ८५ टक्के मध्यम फिंच त्या दुष्काळात गेले, आणि वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढलेली होती. चोचीचा आकार आईबापांकडून पिल्लांकडे येतो, म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची झाली.

एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. यापुढचं सहसा सांगितलं जात नाही. १९८२ च्या अखेरीस त्या बेटावर एक दुसरी प्रजाती मुक्कामाला आली: मोठा फिंच. दोन माद्या आणि तीन नर, एवढ्यांपासून त्यांची वस्ती सुरू झाली. मोठ्या फिंचची चोच सराट्याचं फळ मध्यम फिंचपेक्षा कितीतरी सहज फोडते. वस्ती वाढत गेली. मग २००३ आणि २००४ मध्ये पुन्हा पावसाने दगा दिला. दुष्काळ १९७७ सारखाच, बेट तेच, मध्यम फिंचही तेच. फरक एवढाच, की या वेळी टणक बियांवर आधीच दुसऱ्याचा हक्क बसलेला होता. मोठ्या फिंचनी त्या फस्त केल्या. आणि या वेळी मेले ते मध्यम फिंचमधले जाड चोचीचे, जे १९७७ साली तरले होते त्यांचेच वारस. बारीक चोचीचे बारीक बिया टिपत वाचले. चोचीची सरासरी घसरली, आणि ग्रँट दांपत्याने तीन दशकांत पाहिलेल्या बदलांमध्ये हा सर्वांत तीव्र होता. मोठे फिंचही त्या दुष्काळात फार थोडे उरले, कारण त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता.

मी हे शिकवते तेव्हा वर्गात एक प्रश्न टाकते: सगळ्या मध्यम फिंचच्या चोची अगदी सारख्या, सरासरीइतक्याच असत्या तर? १९७७ मध्ये काय झालं असतं, आणि २००४ मध्ये काय? मुलं भांडतात, आकृत्या काढतात. त्या तासाला घंटा झाली तरी कोणी उठत नाही. प्रजातीच्या आतली तफावत ही स्पर्धेतली तिची शिल्लक आहे, आणि ती शिल्लक खर्च होताना तिचं रूप बदलतं, हे त्यांना फिंचच्या मरणातून समजतं. कोणत्याही व्याख्येतून ते समजलं नसतं.

फ्लोरिडातल्या सरड्यांचं उदाहरणही मी जोडते, पण थोडक्यात. तिथला मूळचा हिरवा अ‍ॅनोल आणि क्यूबातून आलेला तपकिरी अ‍ॅनोल. १९९५ मध्ये काही छोट्या बेटांवर संशोधकांनी तपकिरी सरडे मुद्दाम सोडले. हिरवे सरडे झाडावर वर सरकले, आणि २०१० मध्ये मोजलं तेव्हा, म्हणजे सुमारे वीस पिढ्यांत, त्यांच्या बोटांवरच्या पकडीच्या गाद्या मोठ्या झालेल्या होत्या. मुलांना वीस पिढ्या म्हणजे फक्त पंधरा वर्षं हे ऐकून धक्का बसतो. त्यांचं स्वतःचं वय सतरा.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण उत्साहाच्या भरात मुलांना अर्धसत्य दिलं जाऊ नये असं मला वाटतं. तफावत असली की प्रजाती एकत्र नांदतात, असं म्हणणं फार सोपं आहे, पण ते खरं असेलच असं नाही. २०१० साली जेम्स क्लार्क यांनी जंगलातल्या झाडांच्या मोजमापांवरून मांडलं, की झाडाझाडांमधली तफावत एवढ्या प्रजाती एकत्र नांदण्याला हातभार लावते. २०१६ साली हार्ट, श्रायबर आणि लेव्हिन यांनी गणिती प्रतिमानांतून दाखवलं, की अनेकदा परिणाम उलटा होतो: तफावतीमुळे सरस प्रजातीची सरशी आणखी वाढते आणि सहजीवन अवघड होतं. वर फळ्यावर मांडलेली वर्ग आणि वर्गमुळाची दोन गणितं आठवा. वाद नेमका त्याच वाकण्यात आहे. अमेरिकेत गोल्डनरॉडवर झालेला एक प्रयोगही असाच शिकवण्याजोगा आहे. आपले फूलवाले गुच्छात भरायला वापरतात, त्या पिवळ्या गोल्डनरॉडचाच हा भाऊबंद. वाफ्यात गोल्डनरॉडचे एकाऐवजी अनेक जनुकीय वाण लावले तर बाहेरची झाडं त्या वाफ्यात कमी शिरली. पण काही वाण एकटेही तितकेच खंबीर निघाले. म्हणजे लाभ विविधतेचा की त्या विविधतेत एखादा पैलवान असण्याच्या शक्यतेचा, हा प्रश्न उरतोच. असा उरलेला प्रश्न बारावीच्या मुलासमोर ठेवायला आपण का घाबरतो?

यातून माझी विनंती निघते. नवं प्रकरण नको. आहेत तीच पुरी होत नाहीत. गॉजच्या नियमानंतर एक पान द्या, ज्यात डॅफ्ने मेजरचे दोन दुष्काळ शेजारी शेजारी मांडलेले असतील. उत्क्रांतीच्या प्रकरणाकडे तिथून एक ओळ परत जाऊ दे. आणि प्रात्यक्षिकांत एक मोजणी घाला. वनस्पतींच्या घनतेसाठी जमिनीवर ठरावीक मापाचा चौरस टाकून त्यातली झाडं मोजण्याचं प्रात्यक्षिक आज आहेच. त्यात मुलं फक्त संख्या लिहितात: टाकळा इतके, गाजरगवत इतके. त्याच चौरसात प्रत्येक टाकळ्याची उंची आणि त्याला लागून असलेल्या शेजाऱ्याचं नाव लिहायला सांगा. एवढ्यानेच प्रात्यक्षिकाचा सगळा नूर बदलतो. फक्त गाजरगवताला हात लावू देऊ नका. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, काहींना दम्याचा त्रास होतो. उंची लांबूनच काठीने मोजता येते.

आम्ही हे गेली काही वर्षं करतो. दुसऱ्या वर्षी एका मुलाने विचारलं, की पायवाटेवरचा टाकळा मुळातच बुटका की मातीने बुटका केलेला. फार मोलाचा प्रश्न. कारण फिंचची चोच वारशाने आलेली होती, म्हणून निवडीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरला. टाकळ्याचं बुटकेपण जर पायदळी तुडवल्यामुळे आणि मुरमाड जमिनीमुळे असेल, तर आजचा सामना त्याने बदलेल, पण उद्याची पिढी त्याने बदलणार नाही. आम्ही दोन्हीकडच्या शेंगा गोळा केल्या, बियांच्या कवचाला वाळूकागदाने ओरखडे काढले, म्हणजे त्या एकदम उगवतील, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत एकच माती भरून पेरल्या. पिशव्यांवर फक्त अ आणि ब. कोणतं बी कुठलं हे मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. ही कल्पना मुलांचीच होती. मी ती सुचवली नव्हती.

मला माहीत आहे, की प्रवेशपरीक्षेच्या दडपणाखाली प्रत्येक वाढीव ओळ मुलांना आणि पालकांना जड वाटते. बहुपर्यायी प्रश्नाला एकच उत्तर लागतं आणि "कोणता टाकळा?" याला एक उत्तर नाही. पण बारावी विज्ञानाची कितीतरी मुलं पुढे जीवशास्त्र शिकतच नाहीत. आमच्या गावाकडची बरीचशी शेतीत, वनखात्यात, ग्रामपंचायतीत, रोपवाटिकांत जातात. गाजरगवतावर टाकळ्याचं बी टाकायचा निर्णय उद्या तीच घेतील. ते बी एका ताटव्यातून ओंजळभर आणायचं की पाच गावांतून, पायवाटेवरून की खड्ड्याजवळून, हे त्यांना ठरवावं लागेल, आणि त्या वेळी गॉजचा नियम एकटा त्यांच्या कामी येणार नाही.

आपण पुढच्या फेरआढाव्याला बसाल तेव्हा आमच्या मुलांच्या मोजणीच्या वह्या पाठवायला मी तयार आहे. त्या नीटनेटक्या नाहीत, काहींवर पावसाचे डाग आहेत. टाकळा भाद्रपदापासून शेंगांवर येतो. तज्ज्ञ मंडळींपैकी कोणाला त्या सुमारास इकडे येता आलं, तर मागच्या मैदानात आमच्याबरोबर एक सकाळ घालवावी, ही आग्रहाची विनंती. काठी आणि चौरस आम्ही देऊ. अ आणि ब पिशव्यांतली झाडंही तोवर फुलावर आलेली असतील.

आपली नम्र,
एक जीवशास्त्र शिक्षिका